आजोबांच्या आठवणींची पुस्तिका: वर्षश्राद्धापर्यंत घरच्या घरी कशी तयार करावी

घरातला कर्ता माणूस गेला की तेरा दिवस घर माणसांनी भरलेलं असतं. सतरंजीवर बसून लोक बोलत असतात. कोणाला अण्णांनी सायकल शिकवलेली असते, कोणाची फी नानांनी घरी न सांगता भरलेली असते. चौदाव्या दिवशी सगळे आपापल्या गावी जातात आणि ते बोलणंही त्यांच्याबरोबर जातं. मग वर्षश्राद्धाच्या महिनाभर आधी स्मरणिका काढायचं ठरतं आणि हाती उरतं ते एवढंच: 'प्रेमळ, मनमिळाऊ, कुटुंबवत्सल'. हे शब्द खोटे नसतात, पण ते कोणाच्याही आजोबांना लागू पडतात. तुमच्या आजोबांची पुस्तिका तपशिलांनी भरलेली हवी, आणि ते तपशील गोळा करायची सुरुवात बाराव्या-तेराव्यालाच करावी लागते.

पहिले तेरा दिवस

एक 200 पानी वही घ्या आणि ती घरातल्या पंधरा ते पंचवीस वयाच्या एका नातवाकडे किंवा नातीकडे द्या. वही फोटोसमोर उघडी ठेवू नका. तशी ठेवली की येणारा प्रत्येक जण 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहून सही करतो आणि पुढे सरकतो. वही सांभाळणाऱ्यानं बसून ऐकायचं आणि नंतर आत जाऊन एकेक ओळ टिपायची: कोण म्हणालं, नातं काय, गाव कोणतं, फोन नंबर, आणि आठवणीचं एक वाक्य. 'सुमनमावशी, मिरज, लग्नात अक्षता कमी पडल्या तेव्हा नानांनी काय केलं' एवढं पुरतं. सविस्तर बोलणं चार महिन्यांनी होईल. दुःखात बसलेल्या माणसापुढे रेकॉर्डर धरू नये.

याच दिवसांत आजोबांचा फोन जपायचा असतो, आणि इथेच सगळ्यात जास्त नुकसान होतं. बँकेची कामं उरकली की फोन पुसून कोणाला तरी दिला जातो आणि त्यांचा आवाज असलेले सगळे व्हॉइस मेसेज त्यात जातात. सिम 90 दिवस अजिबात वापरलं नाही तर कंपनी ते बंद करू शकते, म्हणून रिचार्ज वर्षभर चालू ठेवा. व्हॉट्सॲप खातं साधारण 120 दिवस वापरात नसेल तर काढून टाकलं जातं. गूगल खात्याला दोन वर्षांची मुदत असते. प्रत्येक घरच्या माणसानं आपल्या फोनमधून आजोबांशी झालेलं चॅट 'एक्स्पोर्ट चॅट' मधून मीडियासकट बाहेर काढावं. आवाजाच्या फायली ओपस प्रकारच्या असतात. त्या तशाच ठेवा आणि एमपी-थ्रीमध्ये एक प्रत करा. 'पोचलास का? पोचलास की फोन कर' एवढाच पाच सेकंदांचा मेसेज असला तरी तो ठेवा. पुढे सगळ्यात जास्त वेळा तोच ऐकला जातो.

कपडे देऊन टाकण्याआधी खिसे बघा. रद्दी काढण्याआधी डायऱ्या, पासबुकाची कव्हरं, कॅलेंडरची जुनी पानं वेगळी करा. आपल्याकडे कालनिर्णयच्या चौकटीत दूध, गॅस, पाहुणे, कोणाची परीक्षा हे सगळं लिहिलेलं असतं. घरावर जीव असलेल्या माणसाची रोजनिशी बहुधा तीच असते.

तारखा पक्क्या करणं

जन्मतारीख लिहिण्याआधी थांबा. शाळेच्या दाखल्यावर 1 जून असेल तर ती मास्तरांनी नाव घालताना सोयीसाठी टाकलेली असण्याची शक्यता मोठी आहे. त्या पिढीत ही गोष्ट घरोघर दिसते. आजोबांच्या मोठ्या बहिणीला विचारा. 'पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी', 'मोठा पूर आला त्या श्रावणात' असं उत्तर येईल. गावाकडे जन्म-मृत्यूची जुनी नोंद कोतवाल बुकात, म्हणजे गाव नमुना 14 मध्ये मिळू शकते. पत्रिका असेल तर तीत शके असतो: चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत शकात 78 मिळवायचे आणि जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत 79. शके 1865 चा माघ म्हणजे 1944. काहीच जुळलं नाही तर दोन्ही छापा: 'दाखल्यावर 1 जून 1944, घरच्या आठवणीप्रमाणे माघातला जन्म'.

नोकरीच्या तारखांसाठी सेवापुस्तकाची प्रत किंवा निवृत्तीचा आदेश बघा. लग्नासाठी लग्नपत्रिका, कारण तीत दोन्हीकडची पूर्ण नावं, गाव आणि कार्यालयही सापडतं. कुळाची जुनी नावं हवी असतील तर नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडच्या वह्यांत पूर्वजांनी केलेल्या नोंदी सापडतात. जाताना मूळ गाव आणि आडनाव सांगावं लागतं. घरात मोडी लिपीतला कागद निघाला तर तो वाचून घ्यायला दोन-तीन आठवडे धरा.

वर्षश्राद्ध तिथीनं येतं, त्यामुळे इंग्रजी तारखेच्या साधारण 11 दिवस आधी पडतं. मध्ये अधिक महिना आला तर उलट 18-19 दिवस पुढे जातं (2026 मध्ये 17 मे ते 15 जून अधिक ज्येष्ठ आहे). गुरुजींकडून तिथी काढून घ्या आणि त्या दिवसापासून उलटं मोजा: छपाईला 3 आठवडे, प्रूफांना 3, मांडणीला 4. म्हणजे सगळा मजकूर आणि फोटो अडीच महिने आधी हातात हवेत. छपाई दिवाळीच्या आधीच्या दोन महिन्यांत येत असेल तर आणखी पंधरा दिवस धरा, कारण तेव्हा छापखाने दिवाळी अंकांत आणि कॅलेंडरांत अडकलेले असतात.

आजीला आणि भावंडांना बोलतं करणं

सगळ्यात मोलाचा भाग हा, त्यामुळे याला वेळ द्या.

पहिलं बोलणं आजीशी, पण तीन-चार महिने उलटल्यावर. समोरासमोर खुर्च्या टाकून मुलाखत घेतली तर ती आखडते. दुपारचा चहा झाल्यावर, मेथी निवडताना किंवा वाती वळताना बसावं. हात कामात असले की बोलणं सुटतं. रेकॉर्ड करणार आहोत हे आधी सांगा. फोन विमान-मोडवर टाका, नाहीतर मध्येच कॉल येऊन रेकॉर्डिंग तुटतं. फोन घडी केलेल्या पंच्यावर ठेवला म्हणजे टेबलावरच्या ताटाचा आवाज त्यात शिरत नाही. पंखा बंद किंवा अगदी हळू. सुरुवातीला तारीख, जागा आणि कोण बोलतंय हे तोंडानं म्हणा. चाळीस मिनिटांवर थांबा.

'ते कसे होते गं?' हा प्रश्न विचारू नये. त्याचं उत्तर 'फार चांगले होते' हेच येतं आणि पुढे डोळ्यांत पाणी. विचारायचं ते असं: पगार झाला की पाकीट कोणाच्या हातात द्यायचे? लग्नानंतर पहिल्यांदा दोघं कुठे गेलात, एसटीनं की रेल्वेनं? मुलं आजारी पडली की रात्री कोण उठायचं? भांडण झालं की आधी कोण बोलायचं, आणि काय बोलून सुरुवात करायचे? बाजारातून न सांगता काय आणायचे? आजी त्यांचं नाव घेणार नाही, 'हे' आणि 'यांना' असंच म्हणेल. लिहून काढताना ते बदलून 'माझे पती' करू नका. 'हे आले की चपला ओट्याखाली सरकवायचे, त्या आवाजावरून मला कळायचं' या वाक्यात तो 'हे' गेला की सगळं गेलं.

भावंडांना वेगवेगळं बोलवा. चौघं एकत्र बसली की मोठ्या आवाजाच्या भावाची आठवण सगळ्यांची होते. एकाच प्रसंगाच्या दोन तऱ्हा निघाल्या तर दोन्ही छापा, खाली नावं घालून. लेकी आणि सुना यांना वेगळा वेळ द्या. सुनांना सासऱ्यांबद्दल जे दिसलेलं असतं ते मुलांना दिसलेलं नसतं. परदेशातल्या नातवंडांना लेख मागू नका, तीन मिनिटांचा व्हॉइस मेसेज मागा. लेख मागितला की 'लिहितो' म्हणून चार महिने जातात.

दहा मिनिटांच्या बोलण्यात साधारण 1200 शब्द असतात. मराठी व्हॉइस टायपिंगनं कच्चा मजकूर मिळतो, पण गावांची नावं, नात्यांचे शब्द आणि बोलीतले शब्द त्यात हमखास चुकतात. म्हणून ऐकत ऐकत हातानं दुरुस्त करावंच लागतं. आत्या मालवणीत किंवा वऱ्हाडीत बोलली असेल तर तिची वाक्यं तशीच ठेवा. प्रमाण मराठीत आणली की ती शाळेतल्या निबंधासारखी होतात.

रागीट होते, हट्टी होते, हेही येऊ द्या, एखाद्या खऱ्या प्रसंगासह. वाटणी, उधारी, जुनी भांडणं मात्र बाहेर ठेवा. कसोटी एकच: ही ओळ आजीसमोर मोठ्यानं वाचता येईल का?

फोटो

आजोबांचे घरातले फोटो कमी निघतात, कारण कॅमेरा त्यांच्याच हातात असायचा. त्यांना आपल्या अल्बमात शोधू नका. साडूंच्या, शेजाऱ्यांच्या, भाच्यांच्या लग्नाच्या अल्बमांत शोधा. पंगतीत वाढताना, मांडवाच्या कडेला कोणाचं तरी मूल कडेवर घेऊन उभे असलेले ते तिथे सापडतात. असे फोटो स्टुडिओतल्या पोझपेक्षा कितीतरी बरे.

स्कॅन 600 डीपीआयला, म्हणजे इंचाला 600 ठिपके, करा. साडेतीन बाय पाच इंचाचा फोटो त्यात 2100 बाय 3000 पिक्सेलचा होतो आणि छपाईला लागणाऱ्या 300 डीपीआयनं A5 च्या पूर्ण पानाला पुरतो. ओळखपत्रावरचा छोटा फोटो 1200 ला करा. कृष्णधवल फोटोही रंगीत मोडवर स्कॅन करावा, म्हणजे डाग आणि पिवळेपणा नंतर वेगळा काढता येतो. स्कॅनर नसेल तर फोटो काळ्या कापडावर सपाट ठेवा, खिडकीजवळ, उन्हाच्या तिरिपेत नव्हे. फ्लॅश बंद. फोन फोटोला अगदी समांतर धरायचा, नाहीतर वरचा भाग अरुंद येतो. फायली व्हॉट्सॲपवरून पाठवायच्या तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. साध्या फोटोसारख्या पाठवल्या की त्या दाबल्या जातात आणि छापल्यावर चेहरे फुटतात.

जुना फोटो ओल्या फडक्यानं पुसू नका, मऊ ब्रशनं झटका. फ्रेममधला फोटो काचेला चिकटला असेल तर ओढू नका, चेहरा काचेवर राहतो. काचेसकटच स्कॅन करा. चिकट पानांच्या अल्बमातला फोटो निघत नसेल तर पतंगाचा साधा, बिनमांज्याचा दोरा फोटोखालून दोन्ही हातांनी करवतीसारखा हळूहळू सरकवा. मागं बॉलपेननं लिहू नका. दाबाची रेघ पुढे उमटते. जुन्या कागदी फोटोवर मऊ पेन्सिल चालते. प्लॅस्टिकचा थर असलेल्या रंगीत फोटोवर पेन्सिल लागतच नाही, तेव्हा फोटो पाकिटात घालून पाकिटावर नंबर टाका. तोच नंबर फाइलला द्या: '1978-नाशिक-मंगळागौर-014'.

1970-80 च्या दशकांतले रंगीत फोटो तांबूस पडलेले असतात, कारण त्यातला निळसर रंग आधी उडतो. तो रंग स्टुडिओतला माणूस बऱ्यापैकी परत आणतो. मात्र फोनमधल्या 'फोटो सुधारा' छापाच्या ॲपना चेहरा देऊ नका. ती गाल गुळगुळीत करतात, दातातली फट भरतात, कपाळावरची जन्मखूण पुसतात. नातवंडं मोठी झाल्यावर तोच चेहरा खरा धरून चालतील. कृष्णधवल फोटो रंगवूनही घेऊ नयेत. आजीच्या शालूचा रंग यंत्राला माहीत नसतो आणि आजीला पक्का माहीत असतो.

फोटोतली माणसं ओळखताना दोघांना वेगवेगळं विचारा. ओळीची रीत ठरवून टाका: 'उभे, डावीकडून' आणि 'बसलेले, डावीकडून'. नाव कळलं नाही तर 'ओळख पटली नाही' असं लिहा, वगळू नका.

कोणती पानं घालावीत

साधी, पिन बाइंडिंगची A5 पुस्तिका धरली तर पानांची संख्या 4 च्या पटीत येते. 32 पानं बेताची होतात. 13 पॉइंटात एका पानावर 200 शब्दांच्या आसपास बसतात. वाचणारे बरेच जण सत्तरीपुढचे असतात, म्हणून 13 पॉइंटाखाली जाऊ नका. पूर्ण लेख सहा-सातच घ्या, तेही तीनशे-चारशे शब्दांचे. उरलेल्या जागेत पुढची पानं असावीत, कारण लोक तीच पुन्हा पुन्हा उघडतात.

'कोणाला काय हाक मारायचे' हे एक पान. डावीकडे खरं नाव, उजवीकडे त्यांनी ठेवलेलं: ठमाकाकू, इंजिनसाहेब, चिमणराणी, बाजीराव. प्रत्येकासमोर एक ओळ, ते नाव का पडलं त्याची.

'त्यांचा दिवस' हे दुसरं पान, वेळेसकट. पहाटे सव्वापाचला तांब्याभर पाणी, दाराशी दुधाची पिशवी, सात पाचच्या आकाशवाणीच्या बातम्या, त्यानंतरच दुसरा चहा, दुपारी वर्तमानपत्र चेहऱ्यावर घेऊन वामकुक्षी, संध्याकाळी नातवाला घेऊन कोपऱ्यापर्यंत. हे पान तीन जणांकडून तपासून घ्या. सकाळचं आजीला माहीत असतं, दुपारचं सुनेला, संध्याकाळचं नातवंडांना.

तिसरं, त्यांच्या हातचं एक काम, मापासकट. कोजागरीचं दूध ते आटवत असतील तर दूध किती, किती आटेपर्यंत, साखर कधी. आकाशकंदील करत असतील तर कामट्यांची लांबी, किती कामट्या, खळ कशाची, ताव कोणत्या रंगाचे, झिरमिळ्या किती बोटं रुंद. जुना सांगाडा माळ्यावर असेल तर फूटपट्टी लावून मोजा. पुढच्या दिवाळीला नातवंडांना त्यावरून कंदील करता यायला हवा, ही त्या पानाची परीक्षा.

चौथं, त्यांचं अक्षर. हिशेबाच्या वहीतलं एक पान किंवा लेकीला सासरी पाठवलेलं अंतर्देशीय पत्र मूळ आकारात छापा, लहान करून कोपऱ्यात नको. शाई फिकी असेल तर खाली तोच मजकूर टाइपात द्या. जुन्या चेकची सही मात्र घेऊ नका.

वंशवृक्षात लेकी, जावई, सुना आणि सुनांची माहेरं येऊ द्या. मृत्यूनंतरच्या उपपदाबद्दल घरात आधी बोलून घ्या: शैव परंपरेत 'कै.', वारकरी घरात 'वै.', इतरत्र 'स्व.' किंवा 'दिवंगत'. वारकऱ्याच्या नावामागे 'कै.' पडलं की घरातली जुनी माणसं दुखावतात. पुस्तिकेत पत्ते, मोबाइल नंबर, आधारची प्रत काहीही नको. पीडीएफ एकदा ग्रुपवर गेली की कुठवर जाईल याला धरबंध नाही.

मांडणी, कागद, प्रूफ

युनिकोड टाइप वापरा. युनिकोडआधीच्या श्री-लिपी टाइपातला मजकूर बदलून घेतला असेल तर 'दुसऱ्या', 'तऱ्हा', 'सूर्य', 'आशीर्वाद' हे शब्द शोधून बघा. अर्धा र आणि रफार तिथेच मोडतात. इनडिझाइन या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं सुटी दिसत असतील तर त्यात वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडलेला नसतो. टाइप मराठी वळणाचा घ्या, पाकळीचा ल आणि गाठीचा श असलेला. टिरो देवनागरी मराठी त्यात चांगला दिसतो आणि फुकट मिळतो.

फोटो बरेच असतील तर आतला कागद 130 जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅममधलं वजन) मॅट आर्ट, कव्हर 300 जीएसएम आर्ट कार्ड, मॅट लॅमिनेशन. चकचकीत कागदावर दिव्याची तिरीप पडते आणि म्हाताऱ्या डोळ्यांना वाचता येत नाही. चारी बाजूंनी 3 मिमी ब्लीड, म्हणजे छापल्यावर कापली जाणारी जादा कड, सोडा. ग्रुप फोटो दोन पानांवर पसरवू नका, मधल्या घडीत कोणाचा तरी चेहरा जातोच, आणि बहुधा ते त्या माणसाच्या लक्षात राहतं. दोनशेच्या आत प्रती असतील तर डिजिटल छपाई घ्या. प्रती माणसांवर नव्हे, घरांवर मोजा: घरटी एक, वर 25 जादा.

स्क्रीनवर उजळ दिसणारा फोटो कागदावर काळवंडतो, म्हणून त्याच कागदावर एक नमुना प्रत काढून घ्या आणि दिवसा, खिडकीपाशी बघा. पहिलं प्रूफ मजकुराचं. दुसरं फक्त नावांचं: एकानं मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं यादीशी ताडायचं. तिसरं घराबाहेरच्या माणसानं वाचायचं, कारण घरच्यांचे डोळे चुकीच्या जागी बरोबर अक्षर वाचतात. यादीतून एखादा जावई सुटणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक, आणि ती पुस्तिका वाटल्यावर दुरुस्त होत नाही.

वाटप

श्राद्धाच्या सकाळी नको. गुरुजी, पिंड, स्वयंपाक यांत कोणाला उसंत नसते, आणि पुस्तिका पत्रावळीशेजारी पडून राहते. जेवणं उरकून माणसं निवांत बसली की पहिली प्रत आजीच्या हातात द्या आणि एखाद्या नातवाला 'त्यांचा दिवस' हे पान वाचायला सांगा. आजोबांचा आवाज ऐकवायचा असेल तर आजीला आधी एकटीला ऐकवा आणि तिला हवा असेल तरच सगळ्यांसमोर लावा.

मूळ स्कॅन, रेकॉर्डिंग आणि छापील फाइल दोन हार्ड डिस्कवर, दोन वेगळ्या घरांत ठेवा. एका प्रतीवर 'दुरुस्तीची प्रत' असं लिहून ती फोटोखालच्या कपाटात पेनासकट ठेवून द्या. पितृपक्षात, दिवाळीत कोणीतरी ती चाळताना म्हणेल, 'हा फोटो सांगलीचा नाही, मिरजेचा.' तिथेच, त्याच पानाच्या समासात, सांगणाऱ्याचं नाव आणि तारीख घालून लिहून घ्या.